प्रवासी चित्रकारांची दृष्टि

विसाव्या शतकाच्या आरंभीं रंगीत छायाचित्र ही दुर्मिळ वस्तु होती. दूरदेशींचे डोंगर, नद्या, बाजार आणि माणसें घरबसल्या रंगांत पाहावयाचीं, तर प्रवासी चित्रकारांच्या पुस्तकांवांचून गत्यंतर नसे.

मॉर्टिमर मेंपेस हा अशांपैकींच एक. त्याचा जन्म १८५५ सालीं ऑस्ट्रेलियांत झाला. त्याचीं जपानचीं चित्रें १९०१ सालीं व हिंदुस्थानचीं १९०५ सालीं लंडनच्या ए. अँड सी. ब्लॅक या प्रकाशकांनीं पुस्तकरूपानें काढलीं. तीं छापण्याची रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एकाच चित्राचे निरनिराळ्या रंगांच्या कांचांतून तीन फोटो घेत, त्यांवरून तीन ठसे करीत, आणि पिवळी, तांबडी व निळी शाई एकावर एक छापीत. म्हणजे सर्व छटा उमटत.

परंतु सुंदर चित्र सर्वस्वीं खरें असतेंच असें नाहीं. याचा एक दाखला आपल्या पुण्याचाच आहे. सवाई माधवरावांच्या दरबारीं १७९० सालीं इंग्रज वकील मॅलेट यानें तह केला. त्या प्रसंगाचें प्रसिद्ध चित्र टॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं विलायतेंत रंगविलें. त्यास आधार होता जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांचा. वेल्स हिंदुस्थानांत आला तोच मुळीं १७९१ सालीं, व डॅनियलही त्या दरबारांत नव्हता. पेशव्यांना वेल्सनें प्रत्यक्ष पाहिलें होतें, म्हणून चेहऱ्यावर विश्वास ठेवावा. प्रसंगाची मांडणी मात्र जुळविलेली आहे, हें विसरूं नये.

पाहुण्याची नजर नवलाकडे धांवते. घरच्या माणसास खाणाखुणा कळतात. कोल्हापुरास १८६७ सालीं जन्मलेले रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले व तेथेंच शिक्षक झाले. सी. ए. किंकेड यांनीं आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजींत आणून १९१४ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यांतील चित्रें धुरंधरांचीं. लुगडें कसें नेसतात, पूजेचें ताट कसें धरतात, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं. तरी घरच्या नजरेचाही एक दोष आहे: जें रोज दिसतें तें ती पाहातच नाहीं. म्हणून दोन्ही दृष्टि हव्यात.

विद्यार्थ्यांनीं कोणतेंही चित्र पाहतांना तीन प्रश्न विचारावे. चित्रकार कोठें उभा होता? त्यानें स्वतः काय पाहिलें? आणि काय वगळलें? मग एखाद्या सकाळीं वही घेऊन मंडईंत जावें, आणि आपण प्रथमच या शहरीं आलों आहों असें समजून भाजीवालीचा हात, तराजू व पाटी जशी दिसेल तशी काढावी. परक्याच्या कुतूहलास घरच्या माणसाची ओळख मिळाली, म्हणजे चित्र सुंदर होतें व खरेंही राहतें.