खेळातून विचाराकडे : सुसान आयझॅक्स यांचे कार्य

मूल खेळत असले म्हणजे ते शिकत नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. प्रत्यक्ष निरीक्षणाच्या बळावर ही समजूत चुकीची ठरविणाऱ्या अभ्यासकांत इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ सुसान आयझॅक्स यांचे स्थान मोठे आहे.

आयझॅक्सबाईंचा जन्म १८८५ साली लँकशायर परगण्यात झाला. त्या सहा वर्षांच्या असतानाच त्यांची आई वारली. पुढे धर्मविषयक शंका मनात आल्यामुळे वडिलांनी ऐन कुमारवयात त्यांची शाळा बंद केली. तरीही शिक्षणाची ओढ कमी झाली नाही. मँचेस्टर विद्यापीठात शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी म्हणून त्या दाखल झाल्या आणि १९१२ साली तत्त्वज्ञान विषयात पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. केंब्रिज येथे मानसशास्त्राचा अभ्यास केल्यावर त्यांनी काही काळ अध्यापक विद्यालयात अध्यापन केले.

१९२४ साली केंब्रिजमधील 'मॉल्टिंग हाउस' या लहानशा शाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. तेथे ठरावीक पाठ नव्हते. बाग, वाळू, पाणी, सुतारकामाची हत्यारे आणि पाळीव प्राणी यांच्या सहवासात मुले आपापल्या कुतूहलाप्रमाणे वावरत. जेथे खरी इजा होण्याचा संभव असे, तेथे मात्र बंधन असे. मुले काय करतात व काय बोलतात याची नोंद रोजच्या रोज ठेवली जाई.

जुलै १९२५ मधील एक नोंद मननीय आहे. शाळेतील ससा रात्री मेला. पोट हलत नाही म्हणून तो मेला, असे एका मुलाने ओळखले. पाण्यात ठेवल्यास तो जिवंत होईल, असे दुसऱ्याने सांगितले. बाईंनी त्याला चूक ठरविले नाही. करून पाहण्यास सुचविले. ससा पाण्यावर तरंगत गोल फिरू लागला, तेव्हा तो जिवंत असल्याचे एकाने म्हटले. बाईंनी एक काडी पाण्यात टाकली. तीही तशीच फिरू लागली. काडी सजीव नाही हे मुलांनी मान्य केले. मग त्यांनी सशाला पुरले. दुसऱ्या दिवशी तो आकाशात गेला असावा, असा तर्क निघाला. तेव्हा बाईंनी मुलांबरोबर स्वतः खणले आणि ससा तेथेच आढळला.

येथे उत्तर सांगून टाकणे सोपे होते. परंतु तसे केले असते, तर मुलाच्या हाती माहिती आली असती आणि विचार मात्र थांबला असता. उत्तराची जागा बाईंनी कसोटीला दिली, हेच त्यांच्या पद्धतीचे मर्म होय.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२७ साली या शाळेला भेट दिली. लहान मुलास यंत्रातील कार्यकारणभाव कितपत उमगतो याविषयी दोघांत चर्चा झाली. त्याच वेळी सहा वर्षेही पूर्ण न झालेला एक मुलगा तीनचाकीवर बसला होता. पायटा, साखळी आणि चाके एकामागून एक कशी फिरतात, हे त्याने बिनचूक सांगितले. कोरड्या प्रश्नोत्तरांत न दिसणारी बुद्धी मुलाच्या स्वतःच्या उद्योगात प्रकट होते, असे आयझॅक्सबाईंचे प्रतिपादन होते.

या नोंदींच्या आधारे १९३० साली मुलांच्या बौद्धिक वाढीवर आणि १९३३ साली सामाजिक विकासावर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. १९३३ सालीच लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेत बालविकास विभाग सुरू झाला व त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. अनुभवी शिक्षक तेथे अध्ययनास येत. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची शाळा लहान होती आणि मुले सुशिक्षित कुटुंबांतील होती. मोठा वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या ग्रामीण शिक्षकाची परिस्थिती निराळी आहे. तथापि सशाच्या प्रसंगी लागलेले उपकरण म्हणजे एक काडी होती, हे विसरता कामा नये.

शिक्षकांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात :

१. मुलाने प्रश्न विचारल्यास प्रथम 'तुला काय वाटते?' असे विचारावे आणि शक्य असेल तेथे पडताळा घेऊ द्यावा.

२. आठवड्यातून एका मुलाचा खेळ दहा मिनिटे पाहून त्याचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी टिपून ठेवावेत.

३. पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान वेगवेगळे लिहावे.

अशी वही वर्षअखेर वाचून पाहिल्यास, 'मंद' म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष झाले असे एखादे मूल नव्याने दिसू लागण्याचा संभव आहे.