घरच्या कारखान्यातील छोटा बॉयलर

आमच्या लहानपणी कोठीच्या गच्चीवर झोपले असता पहाटे काचीगुड्याहून इंजिनाची शिट्टी ऐकू येई. वाडी–सिकंदराबाद हा निजामी रेल्वेचा मार्ग १८७४ सालचा, लालागुड्याचा कारखाना १८९३ सालचा आणि काचीगुडा स्थानक १९१६ सालचे. ती वाफेची इंजिने आता गेली. पण ज्याला हौस आहे तो घरच्या पडवीत हात-दीड हात लांबीचे, खरोखर वाफेवर चालणारे इंजिन करू शकतो. इंग्लंडात १८९८ पासून निघणाऱ्या 'मॉडेल इंजिनियर' नियतकालिकाने ही विद्या घरोघरी नेली. एवढासा बॉयलर कोळशावर खरे काम करील काय, असा वाद तेथे १९२० नंतर माजला. तेव्हा 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने अडीच इंची रुळांवरील आपल्या 'आयेशा' इंजिनाने माणूस ओढून दाखविला.

बॉयलर म्हणजे काय, हे आपल्या घरातील भगिनींना निराळे सांगावयास नको. न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. बॉयलरची रचना याच तत्त्वावर असते. फक्त एका नळीऐवजी अनेक बारीक नळ्या, आणि बंबाला वाफ जाण्यास वाट मोकळी असते ती येथे बंद. स्वयंपाकाच्या कुकरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब असतो. आमच्या बॉयलरात तो ५.६ किलो ठेवावयाचा होता. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तिच्यावर सुमारे ४४० किलोंचा रेटा! खेळणे म्हणून हाताळण्याची ही वस्तू नव्हे.

आता पत्रा किती जाड घ्यावा, ते पाहू. दाबाला व्यासाने गुणून दोनाने भागले की पिंपाच्या दर सेंटिमीटर लांबीला बसणारा ताण मिळतो: ५.६ गुणिले १०, भागिले २, म्हणजे २८ किलो. तापलेल्या मऊ तांब्याची ताकद चौरस सेंटिमीटरला १७५० किलो धरावी. पण तिचा आठवाच हिस्सा वापरावा, म्हणजे सुमारे २२० किलो. २८ ला २२० ने भागले की ०.१२७ सेंटिमीटर, अर्थात १.३ मिलिमीटर येतात. आम्ही अडीच मिलिमीटरचा पत्रा घेतला.

दोन्ही टोकांच्या चकत्यांच्या कडा लाकडी फर्म्यावर ठोकून वळवाव्या लागतात. ठोकता ठोकता तांबे ताठर होते. मग लालसर तापवून, पाण्यात विझवून ते पुन्हा मऊ करावे. आपले तांबट पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. अग्निपेटीच्या सपाट बाजू दाबाने फुगू पाहतात. म्हणून आतला व बाहेरचा पत्रा 'स्टे' नावाच्या आधारखिळ्यांनी बांधावा. झडपांच्या बुशी गनमेटलच्या कराव्यात, पितळेच्या नव्हेत. तापलेल्या पाण्यात पितळेतील जस्त झिजून ती ठिसूळ होते.

सांधे सिल्व्हर सोल्डरचेच हवेत. साधा कल्हईचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि या दाबाच्या वाफेचे तापमानच सुमारे १६२ अंश असते! सिल्व्हर सोल्डरला ६०० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यात कॅडमियम नाही ना, याची खात्री करावी. त्याचा धूर विषारी असतो.

आता मुख्य गोष्ट. बॉयलर पुरा झाला, चकाकू लागला. नातू म्हणाला, "आजोबा, आता विस्तव घालू या ना!" मी म्हटले, "बाळ, आधी परीक्षा, मग शिट्टी." थंड पाणी काठोकाठ भरून, आतील सर्व हवा काढून हातपंपाने दाब वाढवीत जावे व कामाच्या दुप्पट, म्हणजे ११.२ किलोंवर, अर्धा तास ठेवावा. पाणीच का? पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा सुटला तर चार थेंब गळतात आणि काटा खाली येतो, एवढेच. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे उसळते. वाफेचे तर विचारूच नये. बॉयलर फुटला की आतल्या अतितप्त पाण्याचीही काही अंशी क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते.

आमचा काटा सातावरच घसरला. अग्निपेटीतील एका स्टेच्या डोक्याशी थेंब दिसला. वरून निर्दोष दिसणाऱ्या त्या सांध्यात डाख आतपर्यंत शिरलाच नव्हता. माझीच घाई नडली. ज्या बाजूस थेंब होता, त्याच बाजूस नातू उभा राहणार होता. सांधा साफ करून पुन्हा जोडला. दुसऱ्या वेळी काटा अर्धा तास ढळला नाही.

बॉयलरविषयक १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. पण २५ लिटरांहून कमी क्षमतेचा बॉयलर त्याच्या व्याख्येत येत नाही आणि आमच्या बॉयलरात दोन लिटरही पाणी मावत नाही. याचा अर्थ मोकळीक असा नाही. जेथे निरीक्षक येत नाही, तेथे निरीक्षकही आपणच व्हावयाचे. म्हणून परीक्षेची तारीख व दाब वहीत लिहावा, सेफ्टी व्हॉल्व्ह दर वेळी तपासावा आणि काचेत पाणी दिसेनासे झाले की विस्तव ताबडतोब काढावा.

एवढे सांभाळले, तर आपल्या तरुणांनी ही हौस अवश्य करावी. गणित, धातुविद्या आणि सबुरी ही तिन्ही एकत्र शिकविणारा असा गुरू क्वचितच भेटतो. आमच्या इंजिनाची शिट्टी अखेर झाली. काचीगुड्याची सर तिला नव्हती. पण घरातील सर्व मंडळी गच्चीवर धावत आली.