नियम आणि मोकळीक (गीता २.६४)



काल ६२-६३ मध्ये आपण घसरण पाहिली: विषयाचं चिंतन, आसक्ती, इच्छा, क्रोध, आणि शेवटी बुद्धीच जाते. आजचा श्लोक तिथून वर यायची वाट सांगतो. गंमत म्हणजे, विषयांपासून पळा असं तो म्हणत नाही. त्यांच्यात वावरा, म्हणतो. फक्त इंद्रियं ताब्यात हवीत आणि त्यांना राग-द्वेष चिकटलेले नकोत. (इथे 'राग' म्हणजे आपलं रागावणं नव्हे, ओढ.)

मी यातला 'ताबा' तेवढा उचलला होता. दर गुरुवारी पहाटे फोन बंद करून 'गजानन विजय'चे तीन अध्याय. चार वर्षं खाडा नाही! एका गुरुवारी मुलीला ताप होता. बायकोनं दोनदा हाक मारली. मी हातानंच 'थांब' म्हटलं आणि वाचत राहिलो. तीन अध्याय झाले. बाहेर आलो तर ताप १०३, आणि रिक्षा तिनंच बोलावलेली. नियमाची ओढ आणि हाकेचा तिटकारा, दोन्ही एकाच आसनावर.

आणि वाचत काय होतो? २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात महाराज बंकटलालना दिसले, तेव्हा ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचत होते. मग भरलेलं ताट आलं, तर सगळं एकत्र कालवून खाल्लं. आपण पत्रावळीपाशी हात जोडतो, ताटाकडे लक्षच जात नाही. मला तर ताटच जास्त अवघड वाटतं. पक्वान्नाला नाही म्हटलं नाही, पण त्याची चवही निवडली नाही.

मागच्या महिन्यात चिखलीला घरी आलो होतो, तेव्हा बाबांसोबत शेगावला गेलो. तिथली शिस्त तुम्हाला माहीतच आहे. चपला सांभाळणाऱ्या एका सेवेकरी काकांना विचारलं, दिवसभर हेच करून कंटाळा नाही येत?

"कायचा कंटाळा बाप्पा! घरी दिवसभर मनाचंच आयकावं लागते. इथं तेवढी तरी सुट्टी."

मला उत्तर सुचलं नाही. टोकन घेतलं आणि रांगेत लागलो.

पारायण चालूच आहे. आता दार उघडं ठेवून बसतो. गेल्या गुरुवारी दुसऱ्याच अध्यायात उठावं लागलं, उरलेलं रात्री वाचलं. चिडचिड झाली, नाही असं नाही.

उद्या श्लोक ६५.