देवीची लस : विज्ञानाची मर्यादा व श्रद्धेचे स्थान

आपल्या बेळगावच्या टिळकवाडी भागात ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने ओळखले जाणारे वृक्षांनी भरलेले एक विस्तीर्ण आवार आहे. तेथे फिरावयास जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी या नावाचा अर्थ शोधला असेल? एके काळी या ठिकाणी देवीच्या रोगावरील लस तयार होत असे. विज्ञानाची मर्यादा कोठे आणि श्रद्धेचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार आपण या लसीच्या आधारे करू.

‘देवी’ हे रोगाचे नावच बोलके आहे. ताप चढून अंगावर फोड उठले, की ‘घरात देवी आल्या’ असे आपले पूर्वज म्हणत. कारण अज्ञात होते आणि उपाय हाती नव्हता. अशा वेळी असहाय मातेने देवीपुढे हात जोडले, यात उपहास करण्याजोगे काही नाही. परंतु नवसाने रोगाची साथ हटली नाही, हेही तितकेच खरे होय.

ती हटविली विज्ञानाने. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर याने गोस्तनदेवीची लस टोचून देवीपासून संरक्षण मिळते, हे प्रयोगाने दाखविले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी टोचणी. पुढे १९७५ साली भारतातील अखेरचा रुग्ण आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने पृथ्वीवरून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेव्हा रोग कशाने होतो व कशाने टळतो, हे ठरविण्याचा अधिकार निःसंशय विज्ञानाचा आहे. तेथे श्रद्धेने हस्तक्षेप केला, तर ती अंधश्रद्धा ठरते.

मग विज्ञान सर्वसमर्थ आहे काय? देवीचे विषाणू आजही अमेरिकेतील अटलांटा व रशियातील कोल्त्सोव्हो येथील प्रयोगशाळांत जपून ठेवलेले आहेत. ते नष्ट करावेत की संशोधनासाठी राखावेत, हा वाद अद्याप मिटलेला नाही. विषाणू कसा वाढतो आणि कसा मरतो, हे विज्ञान सांगते. त्यापासून लस करावी की शस्त्र, याची निवड मात्र सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ती निवड माणसाच्या सदसद्विवेकानेच करावी लागते.

या विवेकाच्या मुळाशी एक श्रद्धा असते. १९५८ साली देवीनिर्मूलनाचा प्रस्ताव सोव्हिएत रशियाने मांडला आणि पुढे अमेरिकेनेही त्या कार्यात मोठा वाटा उचलला. एकमेकांकडे शत्रुत्वाने पाहणारी ही राष्ट्रे या कामी एकत्र आली. लस टोचणारे सेवक दूरदूरच्या वस्त्यांत, अखेरच्या झोपडीपर्यंत पोहोचले. त्या झोपडीतील बालकाचा जीव राजवाड्यातील बालकाच्या जिवाइतकाच मोलाचा आहे, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले होते? कोणत्याही नाही. ती माणसाची श्रद्धा होती. तिच्यावाचून लस कुपीतच पडून राहिली असती.

आपल्या या सीमाभागात मराठी व कानडी घरे एकाच गल्लीत नांदतात. रोगाने कधी कोणाची भाषा विचारली नाही. लस टोचणाऱ्यानेही ती विचारली नाही. आपल्या श्रद्धेची कसोटी याच आचरणात आहे.

विद्यार्थिमित्रहो, घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या हातावर देवीच्या लसीचा वण आहे का, ते पाहावे आणि त्या दिवसांची हकीकत त्यांना विचारावी. ‘हे कसे घडते?’ असा प्रश्न पडेल तेव्हा आपण निर्भयपणे विज्ञानाकडे जाऊ. ‘हे ज्ञान कोणासाठी वापरावे?’ असा प्रश्न पडेल तेव्हा त्या अखेरच्या झोपडीचे स्मरण ठेवू.