फेल्टची टोपी: पावसात आणि हिमात

हिमालयात जाणाऱ्या मराठी भटक्यांच्या सामानाची यादी पाहिली, तर बुटांच्या तळव्यांविषयी आणि पाठपिशवीच्या पट्ट्यांविषयी जितका ऊहापोह झालेला दिसतो, त्याच्या दशांशानेही मस्तकाविषयी झालेला आढळत नाही. उन्हासाठी एक सुती टोपी, थंडीसाठी एक माकडटोपी आणि पावसासाठी जाकिटालाच शिवलेले टोपडे, एवढ्या तजविजीवर बहुतेकांचे समाधान असते. हे समाधान फार काळ टिकणारे नव्हे, अशी माझी खात्री अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, सेला खिंडीच्या दक्षिणेकडील उतारावर झाली. आणि ती अशा एका वस्तूमुळे झाली, की जिच्याविषयी निघण्यापूर्वी माझी फारशी अपेक्षाच नव्हती. मेंढीच्या लोकरीच्या फेल्टची, अडीच-तीन इंच काठाची ती टोपी मी केवळ उन्हासाठी म्हणून घेतली होती.

मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. गुवाहाटीहून तेजपूर, भालुकपाँग आणि बोमदिला करीत दिरांग गाठावे. अरुणाचलात प्रवेश करण्यासाठी इनर लाइन परमिट आधी काढून ठेवावे, ते ऑनलाइन मिळते. दिरांगपासून पुढे स्थानिक वाटाड्या घ्यावा. अधिक तपशील कोणत्याही प्रवासपुस्तिकेत सापडेल.

दिरांगच्या वरच्या अंगाला, ओक आणि गुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) अरण्यातून याकांच्या कुरणांकडे चढत जाणारी एक पायवाट आम्ही धरली होती. चैत्र सरत आला होता, गुरांस फुलला होता आणि सकाळचे आकाश निरभ्र होते. अरण्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत धुके उतरले, पाठोपाठ पाऊस आला, आणि हा पाऊस सह्याद्रीतल्या पावसासारखा मनसोक्त कोसळणारा नसून बारीक, थंड, तिरकस आणि क्षणभरही न थांबणारा होता. ज्यांच्या डोक्यावर सुती टोप्या होत्या, त्या अर्ध्या तासात निथळू लागल्या. सुताला पाणी धरून ठेवण्याची विलक्षण आवड असते, आणि ओले सूत डोक्याची ऊब राखण्याऐवजी ती हिरावून घेते. ज्यांनी टोपडी ओढून घेतली होती ते पावसापासून बचावले खरे, पण चढावर आतून फुटलेल्या घामाने त्यांची मानगूट ओली झाली, आणि कानांवर सतत खसखसणाऱ्या त्या कापडामुळे मागच्या माणसाची हाक किंवा वरून निसटलेल्या दगडाचा आवाज त्यांना ऐकू येईना. बाजूला पाहायचे तर मान नव्हे, सारे धडच वळवावे लागे. निसरड्या वाटेवर ही अडचण क्षुल्लक नाही.

माझ्या टोपीचे वर्तन मात्र मी चालता चालता लक्षपूर्वक पाहत गेलो. आरंभी पावसाचे थेंब तिच्या पृष्ठभागावर मण्यांसारखे उभे राहत व झटक्याने गळून जात. नंतर फेल्टचा रंग गडद झाला, काठ किंचित जड झाला आणि पुढच्या बाजूने थेंब थेंब ठिबकू लागले. परंतु ते नाकापासून दूर पडत, मागचे पाणी कॉलरच्या बाहेर पडे, चष्म्याच्या काचा स्वच्छ राहत आणि कान मोकळे असत. केस अखेरपर्यंत कोरडे होते. वर गेल्यावर पावसात बर्फाचे कण मिसळले आणि कुरणाच्या कडेला पोहोचताना त्याचे निखळ हिम झाले. तेव्हा तर या वस्तूची खरी योग्यता कळली: हिम टोपीवर साचत राहिले, पण वितळले नाही, कारण डोक्याची ऊब फेल्टमधून बाहेर येतच नव्हती, आणि जे वितळत नाही ते भिजवीतही नाही.

याचे कारण लोकरीच्या रचनेत आहे. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. उष्णता, ओल आणि सतत मळणे-चोळणे यांच्या योगे हे तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे परत सुटू शकत नाहीत. अशा रीतीने उभा-आडवा धागा न विणता, केवळ गुंतवून व दाबून जे घट्ट वस्त्र तयार होते, ते फेल्ट; उत्तरेकडे त्यालाच नमदा म्हणतात, आणि आपल्याकडे देशावर मेंढीच्या लोकरीचे बुरणूस ज्यांनी अंथरले असतील त्यांना हा प्रकार परका नाही. खवल्यांचे बाह्य आवरण पाण्याला दूर लोटते, तर तंतूचा गाभा हवेतील बाष्प शोषून घेतो. आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके बाष्प सामावूनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि हे शोषण चालू असताना ती अल्पशी उष्णताही सोडते. तंतूंच्या गुंत्यात अडकलेली हवा ऊब राखते. सुती किंवा कृत्रिम कापडात हे सारे गुण एकत्र नांदत नाहीत.

परंतु आमचे शहरी शहाणपण त्या कुरणावरच्या दगडी झोपडीत पुरते थिटे पडले. झोपडीचा मालक ब्रोक्पा, म्हणजे इथल्या मोंपा लोकांपैकी याक पाळणारा गुराखी होता. त्याच्या डोक्यावर याकच्या केसांची काळी, घट्ट मळलेली टोपी होती. मोंपा लोकांत तिला न्गामा शोम म्हणतात. ती आकाराने लहान, टाळूवर बसणारी असून तिला रुंद काठ नसतो. त्याऐवजी तिच्या कडेपासून पाच पिळदार शेपटे खाली लोंबत असतात. पाहणाऱ्याला हा निव्वळ अलंकार वाटतो, पण पावसात तो माणूस दाराबाहेर लाकडे गोळा करीत होता तेव्हा मी नीट निरखले: टोपीच्या माथ्यावर पडलेले पाणी केसांच्या दिशेने कडेकडे वाहत येई, प्रत्येक शेपटात उतरे आणि त्याच्या टोकावरून चेहऱ्याच्या व मानेच्या बाहेर गळून पडे. पिंपळाच्या पानाचे निमुळते टोक पावसाचे पाणी जसे झटपट खाली सोडते, तसेच नेमके हे कार्य होते. काठ रुंद केला असता तर वाऱ्याने टोपी उडाली असती आणि झुडपांत अडकली असती. शेपटे वाऱ्यात नुसते हलतात. पिढ्यान्‌पिढ्या याकांमागे हिंडलेल्या लोकांनी वारा आणि पाऊस या दोन्ही शत्रूंचा बंदोबस्त एकाच वस्तूत केला आहे. सीमेपलीकडे भूतानमध्ये मेराक आणि साकतेंग येथील ब्रोक्पाही हीच टोपी घालतात.

आत येण्यापूर्वी त्याने टोपी काढली, दाराच्या खांबावर दोनदा आपटली, तळहाताने उरलेले हिम झाडले आणि मगच उंबरा ओलांडला. आम्ही आपापल्या टोप्यांवरचे हिम घेऊन आत आलो होतो. बुखारीच्या, म्हणजे लाकडाच्या शेगडीच्या, उबेत ते वितळू लागले आणि बाहेर चार तास आतून कोरडे राहिलेले फेल्ट आत पाव घटकेत भिजून गेले. हिमात फेल्ट वापरणाराने हा एक नियम अवश्य पाळावा, की हिम बाहेरच झाडावे. ते चोळून आत दाबू नये, हलक्या हाताने किंवा मऊ ब्रशाने काढावे.

आमच्यापैकी एका गृहस्थांनी आपली नवी कोरी फेल्टची टोपी लवकर सुकावी म्हणून बुखारीच्या नळीशेजारी टांगली. गुराखी हिंदीत म्हणाला, “साहेब, ती आगीजवळ ठेवू नका, लहान होईल.” ते हसले आणि टोपी तेथेच राहिली. पहाटे ती त्यांच्या डोक्यावर बसेना. काठ वर वळला होता आणि आतली चामड्याची पट्टी आकसून कडक झाली होती. यात आश्चर्य काहीच नाही. ओल आणि उष्णता यांनीच ज्याची घडण होते, त्याला पुन्हा ओल आणि उष्णता दिली तर ते पुढे घडतच जाणार, म्हणजेच आटत जाणार.

ओली टोपी सुकवण्याची रीत अशी: प्रथम झटकून पाणी काढावे, पिळू नये. आतली पट्टी बाहेर वळवावी, म्हणजे तिचे पाणी वेगळे सुकते. टोपी काठावर ठेवू नये, काठ बसतो. माथा खाली करून, आत वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरून, विस्तवापासून दूर वारा खेळता असेल तेथे ठेवावी आणि बोळे ओले झाले की बदलावेत. एका रात्रीत ती पूर्ण सुकेल अशी आशा बाळगू नये. किंचित दमट टोपी डोक्यावरच सुकू द्यावी, तिला आकारही त्यामुळे राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओली टोपी बांधून ठेवणे हा तर तिच्यावर अन्यायच आहे. गोठून कडक झालेली टोपी वाकवून सरळ करू नये; तिला आधी मऊ होऊ द्यावे.

विकत घेताना घट्टपणा पाहावा: फेल्ट दोन बोटांत धरून ताणले असता फाकू नये आणि उजेडात धरले असता त्यातून प्रकाश दिसू नये. सशाच्या केसांचे फेल्ट मेंढीच्या लोकरीपेक्षा घट्ट व पाण्याला अधिक दाद न देणारे, परंतु महाग. माप किंचित सैल घ्यावे, कारण खिंडीवर कान उघडे ठेवणे घातक असून टोपीखाली पातळ लोकरी कानटोपी घालावीच लागते. हनुवटीखाली दोरी हवी. सेलाच्या सुमारे 13,700 फुटांवरच्या वाऱ्यात दोरीवाचून काठाची टोपी म्हणजे दरीला दिलेली देणगी होय. बर्फावर उन्हाचे जे परावर्तन खालून येते ते काठ अडवू शकत नाही, म्हणून काळा चष्मा जरूर लावावा. किन्नौरची हिरव्या पट्टीची टोपी कोरड्या थंडीत उत्तम, पण पावसात तिचे पाणी थेट कॉलरमध्ये जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या पावसात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेच्या सैनिकांची ओळख त्यांच्या रुंद काठाच्या फेल्ट हॅटने होत असे, आणि गोरखा पलटणींची तिरकी हॅट आजही फेल्टचीच असते. तेव्हा पावसात फेल्ट चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या दाखल्यांचा विचार करावा.

मात्र सह्याद्रीच्या आषाढ-श्रावणात ही टोपी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे थंडी नसते, हवा बाष्पाने भरलेली असते आणि आठ आठ दिवस काहीही सुकत नाही; फेल्ट त्या दमटपणात जड होऊन अखेर बुरशी धरते. मावळात घोंगडीची खोळ आणि कोकणात इरले यांनी शतकानुशतके तो पाऊस अंगावर घेतला आहे, आणि तेथे त्यांचाच मान मोठा. पावसाळ्यात फेल्ट वेखंडाच्या तुकड्यांसह कपाटात ठेवावे, म्हणजे कसर लागत नाही.

परतताना आम्ही सेलावर गेलो. 9 मार्च 2024 रोजी सेला बोगद्याचे उद्घाटन झाल्यापासून तवांगला जाणाऱ्याला खिंड चढणे अपरिहार्य राहिलेले नाही. वर येतात ते खिंडीतले सरोवर आणि हिम पाहण्याच्या हौसेने. ही हौस मला वंद्य वाटते, पण तिच्या मागे जे उरते ते पाहून मन विषण्ण होते. सरोवराच्या काठावर एकदाच वापरून टाकलेले पातळ प्लास्टिकचे रेनकोट झुडपांना चिंध्यांसारखे लटकत होते, खाऊच्या वेष्टनांवर हिमाचा थर बसला होता. ज्याला आपण खरा भटक्या म्हणतो, त्याची परीक्षा किती उंची गाठली यावर नसून, वर नेलेली प्रत्येक वस्तू त्याने खाली आणली की नाही यावर व्हावी. एक चांगली फेल्टची टोपी आणि एक टिकाऊ जाकीट यांनी असे कित्येक रेनकोट अनावश्यक ठरतात.

याकच्या केसांची पाच शेपटांची टोपी तवांग-दिरांगच्या बाजारात किंवा कुरणांवरच्या गुराख्यांकडे मिळते. ती केवळ छायाचित्रापुरती डोक्यावर चढवून परत करू नये. घ्यायची असेल तर वापरण्यासाठी घ्यावी, हातांनी मळलेली आहे ना याची विचारपूस करावी, आणि गुराखी जी किंमत सांगेल ती घासाघीस न करता द्यावी.