जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची बधिरता आणि विद्युत उद्दीपन : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

अस्थिभंग, पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा, रुतलेली अक्कलदाढ अथवा तोंडाचा कर्करोग, यांपैकी कोणत्याही कारणाने खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली असता अनेक रुग्णांचा खालचा ओठ व हनुवटी काही काळ बधिर राहते. अशा वेळी ‘विजेचे यंत्र लावा, नस जागी होईल’ असा सल्ला सहज मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी पुढील माहिती अवश्य वाचावी.

बधिरता का येते?

खालच्या जबड्याच्या हाडातील नलिकेतून एक मज्जातंतू हनुवटीपर्यंत जातो. ओठ, हनुवटी व खालच्या दातांची संवेदना तोच मेंदूकडे पोहोचवतो. शस्त्रक्रियेत तो ताणला, दाबला किंवा क्वचित तुटला, तर संवेदना मंदावते. ताण किंवा दाब सौम्य असल्यास ती काही आठवड्यांत परतते. आतील तंतू तुटले असल्यास ते दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने वाढतात. म्हणजे 6 सेंटीमीटरचे अंतर कापण्यास किमान दोन महिने लागतात. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो.

ही बधिरता म्हणजे लकवा नव्हे. ओठ हलविणारा मज्जातंतू वेगळा आहे. म्हणून वाकड्या झालेल्या तोंडासाठी स्नायूंना दिला जाणारा विजेचा उपचार येथे लागू पडत नाही.

विद्युत उद्दीपनाबाबत काय ठाऊक आहे?

या नावाखाली दोन भिन्न उपचार ओळखले जातात. पहिल्यात शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेनंतर लगेच दुखावलेल्या मज्जातंतूला सेकंदाला 20 स्पंद या प्रमाणात सुमारे एक तास सौम्य प्रवाह देतात. त्यामुळे तंतूंच्या वाढीस चालना मिळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत व नंतर हाताच्या मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियांत दिसून आले आहे. जबड्यासाठी मात्र हा अद्याप सर्वमान्य उपचार झालेला नाही.

दुसरा उपचार म्हणजे त्वचेवर पट्ट्या चिकटवून वापरले जाणारे ‘टेन्स’ यंत्र. त्याचा मुख्य उपयोग वेदना कमी करण्यासाठी होतो. दुकानात यंत्र मिळते म्हणून ते गेलेली संवेदना परत आणते, असे मानू नये.

यंत्र वापरण्यापूर्वी सावधगिरी

बधिर त्वचेला चटका जाणवत नाही. प्रवाह वाढवत नेल्यास रुग्णाच्या नकळत त्वचा भाजू शकते. म्हणून यंत्राचा वापर केवळ शल्यचिकित्सक किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा. हृदयात पेसमेकर असल्यास, अपस्माराचा विकार असल्यास, गर्भावस्थेत, तसेच कर्करोगाच्या जागी किंवा उघड्या जखमेवर यंत्र स्वतःहून लावू नये. गळ्याच्या पुढील भागावर पट्टी कधीही लावू नये.

घरी काय करावे?

• चहा व अन्न कोमट करूनच घ्यावे. उष्णता ओठाने नव्हे, मनगटाच्या आतील बाजूने तपासावी.
• जेवताना ओठ चावला जात नाही ना, हे आरशात पाहावे. दाढी सावकाश करावी.
• गुडाखू, तंबाखू व गुटखा पूर्णपणे बंद करावा. त्यांमुळे जखम भरण्यास विलंब होतो, आणि बधिर भागातील इजा लक्षात येत नाही.
• जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या अनुमतीने, आरशासमोर बसून कापूस किंवा मऊ ब्रश हनुवटीवर फिरवावा. स्पर्श कोठे व कोणत्या दिशेने होतो, हे प्रथम पाहून व नंतर डोळे मिटून ओळखावे. या सरावाने परतणाऱ्या संवेदनेचा अर्थ लावणे मेंदूला सोपे जाते.
• दर पंधरवड्याला बधिर भागाची सीमा वहीत रेखाटून ठेवावी व तपासणीस जाताना ती वही सोबत न्यावी.

मुंग्या येणे हे बहुधा संवेदना परतत असल्याचे लक्षण असते. त्याने घाबरू नये.

त्वरित केव्हा दाखवावे?

संवेदना अजिबात परतत नसल्यास, बधिरता वाढत असल्यास किंवा हलक्या स्पर्शानेही आग व कळा येत असल्यास वाट पाहत बसू नये. तुटलेला मज्जातंतू शस्त्रक्रियेने जोडता येतो. परंतु पहिल्या काही महिन्यांतच त्याचा लाभ अधिक होतो. यंत्राच्या आशेवर हा काळ दवडणे हीच खरी हानी होय. कोणतीही शस्त्रक्रिया अथवा इजा नसताना ओठ वा हनुवटी बधिर झाल्यास ते गंभीर रोगाचे लक्षण असू शकते; तातडीने तपासणी करावी.

रायपूर येथील रुग्णांनी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत किंवा शासकीय दंत महाविद्यालयात शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांसह सल्ला घ्यावा. दूरच्या गावांतील रुग्णांना प्राथमिक मार्गदर्शनासाठी ‘ई-संजीवनी’ ही शासकीय दूरसल्ला सेवा उपलब्ध आहे.