हामटा खिंड ओलांडताना

भारताच्या नकाशात हिमाचल प्रदेशातील मनाली हे गाव शोधा. ते बियास नदीच्या काठी आहे. आता उत्तरेकडे पाहा. तेथे पीर पंजाल नावाची पर्वतरांग दिसेल आणि रांगेपलीकडे चंद्रा नदी. अलीकडचे खोरे कुलूचे, पलीकडचे लाहौलचे. या दोन खोऱ्यांमधील भिंतीत जेथे खोगिरासारखी खोलगट जागा सापडते, तेथून माणसे व जनावरे पलीकडे जाऊ शकतात. अशा जागेला आपण खिंड म्हणतो. तिकडचे लोक ‘जोत’ म्हणतात. हामटा ही अशीच एक खिंड आहे. तिची उंची सुमारे ४,२७० मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईवर आणखी दीड कळसूबाई रचली, तरी खिंड थोडी वरच राहील!

उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन याच वाटेने लाहौलच्या कुरणांकडे जात आले आहेत. आता जून ते सप्टेंबर या काळात पदयात्रीही येथे येतात. वाट चार दिवसांची आहे. दोर लावून कडे चढावे लागत नाहीत. म्हणून ‘नवशिक्यांची खिंड’ असा तिचा लौकिक आहे. परंतु सोपी म्हणजे बिनधोक नव्हे. पाय साथ देत असले, तरी हवेचे काय? तेथपासूनच आपण सुरुवात करू.

हवेचे वजन

आपल्या डोक्यावर हवेचा उंच स्तंभ उभा आहे. त्याचे वजन म्हणजेच वातावरणाचा दाब. समुद्रसपाटीवर हा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. जसजसे वर जावे, तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि पारा उतरतो. इ. स. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कल या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचा मेव्हणा पेरिए वायुभारमापक घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आलेला त्याला आढळला. हवेला वजन असते याचा तो ढळढळीत पुरावा होता.

आपल्या वाटेवरचे आकडे पाहा. ते हिशेबाने काढलेले स्थूल आकडे आहेत. हवामानानुसार त्यांत थोडा फरक पडेल.

समुद्रसपाटी : दाब ७६० मि. मी., पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते.
मनाली (सुमारे २,०५० मीटर) : दाब ५९० मि. मी., उत्कलनबिंदू ९३ अंश.
चिका (सुमारे ३,१०० मीटर) : दाब ५२० मि. मी., उत्कलनबिंदू ९० अंश.
बालू का घेरा (सुमारे ३,६०० मीटर) : दाब ४८५ मि. मी., उत्कलनबिंदू ८८ अंश.
हामटा खिंड (४,२७० मीटर) : दाब ४४५ मि. मी., उत्कलनबिंदू ८६ अंश.

शेवटची ओळ नीट वाचा. खिंडीत पाणी ८६ अंशांनाच उकळू लागते. मग चुलीचा जाळ कितीही वाढवा, पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही. जास्तीच्या उष्णतेने फक्त वाफ अधिक होते. म्हणूनच उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकरमध्ये मात्र वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो, पाणी ११० अंशांच्याही वर तापते आणि डाळ शिजते. डोंगरावरचा स्वयंपाकी कुकर पाठीवर वाहून नेतो, तो उगाच नव्हे!

वर्गात करून पाहा

सुई नसलेली इंजेक्शनची मोठी पिचकारी घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यात पाव भाग गरम पाणी (सुमारे ६० ते ७० अंशांचे) ओढून घ्या. आतली हवा बाहेर काढून टाका. टोक बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उठून ते उकळताना दिसेल. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते. पाणी तेच, उष्णताही तीच. बदलला तो फक्त दाब.

शरीराची धडपड

पुष्कळांची अशी समजूत असते की, उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण घटते. तसे नाही. हामट्यावरही हवेत प्राणवायू शेकडा २१ भागच असतो. परंतु एकूण दाबच ५९ टक्के उरल्यामुळे प्राणवायूच्या वाट्याचा दाबही तेवढाच उरतो. समुद्रसपाटीवर तो सुमारे १५९ मिलिमीटर असतो, तर खिंडीत ९३. फुप्फुसांतून रक्तात प्राणवायू शिरतो तो याच दाबाच्या जोरावर. जोर कमी, म्हणून पुरवठाही कमी. उंचीवरील आजाराचे मूळ येथे आहे, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांनी दाखवून दिले.

शरीर यावर काय उपाय करते? पहिला उपाय तत्काळ होतो. श्वास जलद व खोल होतो, नाडीचे ठोके वाढतात. पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची अल्कता वाढते. ती मूळपदावर आणण्याचे काम मूत्रपिंडे करतात; त्यांना काही दिवस लागतात. तिसरा उपाय म्हणजे तांबड्या पेशींची वाढ. त्याला तर कित्येक आठवडे हवेत. या सर्व जुळवून घेण्याला हवामान अंगवळणी पडणे असे म्हणता येईल.

आता वेळापत्रक तपासू. सर्वसाधारण नियम असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर रोज रात्री झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. पहिला मुक्काम चिका, ३,१०० मीटर. दुसरा बालू का घेरा, ३,६०० मीटर. तिसऱ्या दिवशी ४,२७० मीटर उंचीची खिंड गाठायची. पण मुक्काम मात्र पलीकडे शिया गोरू येथे, सुमारे ३,९०० मीटरवर. चौथ्या दिवशी छत्रूला, सुमारे ३,३५० मीटरवर उतरायचे. म्हणजे चिकाच्या पुढे नियम पाळला जातो. मग धोका कोठे आहे? तो आहे सुरुवातीला. मुंबईचा मुलगा समुद्रसपाटीवरून मनालीला येतो आणि दुसऱ्याच दिवशी मोटारीने जोब्र्यापर्यंत जाऊन चिकाला मुक्काम करतो. एका दिवसात हजार मीटरची वाढ! म्हणून मनालीत एक-दोन दिवस थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, तो प्रवासाचाच भाग आहे.

डोके दुखणे, मळमळणे, भूक न लागणे, गरगरणे, झोप न येणे ही पर्वतीय आजाराची लक्षणे होत. ती दिसताच वर चढणे थांबवावे. विश्रांतीने बरे वाटले तरच पुढे जावे. न वाटल्यास खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे व खोकला येणे हे फुप्फुसांत पाणी साठल्याचे चिन्ह असू शकते. तोल जाणे व असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज आल्याचे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला लगेच खाली नेले पाहिजे आणि डॉक्टरांची मदत मिळवली पाहिजे. जवळ प्राणवायूची नळी किंवा औषध असले, तरी त्यासाठी उतरणे लांबवू नये.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शाळेतला पहिल्या नंबरचा धावपटूसुद्धा या आजारापासून सुरक्षित नसतो. कणखर स्नायू वेगळे आणि उंचीशी जुळवून घेणे वेगळे. उलट असा मुलगा भरभर चढतो आणि दुखणारे डोके लाजेने लपवतो. डोके दुखत असल्याचे सांगणे हा भित्रेपणा नाही. लपवल्याने आपला जीव तर धोक्यात येतोच, शिवाय आपल्याला वाहून नेणाऱ्यांचाही.

एका भिंतीच्या दोन बाजू

कुलूच्या बाजूला देवदार, वर भूर्जवृक्ष, त्याहून वर फुलांची कुरणे. खिंड ओलांडून उतरावे, तो उघडेबोडके तपकिरी डोंगर! काही तासांच्या चालीत एवढा फरक का पडावा?

समजा, दक्षिणेकडून आलेली दमट हवा मनालीत १५ अंशांची आहे आणि ती बाष्पाने पुरती भरलेली आहे. चढताना ती प्रसरण पावून निवते. पण बाष्पाचे पाणी होताना उष्णता मोकळी होते, म्हणून ती दर किलोमीटरला सुमारे ६ अंशच उतरते. खिंडीत तिचे तापमान दीड-दोन अंश होते. वाटेत तिने आपले पाणी कुलूला दिलेले असते. पलीकडे उतरताना ती कोरडी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे १० अंश तापते. छत्रूला पोचेतो ती ११ अंशांची होते. कुलूकडे त्याच उंचीवर ती ७ अंशांची होती. उंची एकच, पण हवा अधिक उबदार आणि अधिक कोरडी. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

म्हणून लाहौल नेहमीच कोरडा असतो असे मात्र समजू नका. २०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात तेथे अवेळी जोरदार हिमवृष्टी झाली आणि अनेक पदयात्री अडकून पडले. सरासरी हवामान म्हणजे आजचे हवामान नव्हे.

सकाळची नदी, दुपारची नदी

वाटेतले ओढे सकाळी लवकर ओलांडतात. त्यात मोठे शहाणपण आहे. रात्री थंडीने बर्फ वितळणे मंदावते, म्हणून पहाटे पाणी कमी असते. ऊन चढले की वितळलेले पाणी वाहू लागते आणि दुपारनंतर तोच ओढा फुगून पायांचा आधार काढून घेतो. त्याच उन्हातील जंबुपार किरण उंचीवर अधिक तीव्र असतात आणि ताजा हिम त्यांतील सुमारे ८० टक्के परत फेकतो. डोळ्यांना काळा चष्मा न लावल्यास तात्पुरते हिमांधत्व येऊ शकते.

आता खिंडीच्या माथ्यावर मनाने उभे राहा. दक्षिणेकडे वितळलेला थेंब राणी नाल्यातून बियासला जातो. बियास पंजाबात हरिके येथे सतलजला मिळते. उत्तरेकडचा थेंब चंद्रेत पडतो. चंद्रा व भागा यांचा तांदी येथे संगम होऊन चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते. पुढे पाकिस्तानात सतलज आणि चिनाब एकत्र येतात आणि पंजनद होऊन सिंधूला मिळतात. एका हिमाच्या ढिगातून पाठ फिरवून निघालेले दोन थेंब, वाटेत कालव्यात वळले नाहीत तर, शेकडो किलोमीटरांनंतर पुन्हा भेटतात!

विचार करा

१. खिंडीत रिकामी प्लॅस्टिकची बाटली घट्ट बंद करून समुद्रसपाटीवर आणली. आतल्या एक लिटर हवेचे आकारमान किती होईल? (तापमान तेच आहे असे धरा.)
२. हवाबंद बिस्किटांचा पुडा खिंडीत फुगलेला का दिसतो?
३. चार दिवसांऐवजी तीन दिवसांत खिंड ओलांडण्याचा बेत कोणी सुचवला, तर वरील आकडे वापरून तुम्ही त्याला काय उत्तर द्याल?